पन्न्यातली जुनी चीर

बाबा,

तो पन्ना मी बघितला. त्याला हात लावायचा नाही असं तुम्ही बजावलं होतं, आणि तुम्ही गेल्यावरही बारा वर्षं मी ते पाळलं. पण यंदा नदी फुगली आणि आमच्या मांजर्लीच्या सोसायटीत पाणी शिरलं. आमचं तळमजल्याचं घर, त्यामुळे हाताला लागेल ते उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेत होतो. आईची पत्र्याची पेटी नेताना तिची कडी निसटली आणि जिन्यात सगळं सांडलं. रेशनकार्ड, तुमचा कंपनीचा बिल्ला, कुठल्याशा देवीचा अंगारा, आणि पांढऱ्या कागदाची एक पुडी. तिची घडी बघूनच मी ओळखलं. खड्यांची पुडी धंद्यात एकाच पद्धतीने दुमडतात, आत पातळ निळसर कागद घालून. मी रोज तशा वीस-पंचवीस पुड्या उघडते. ही मात्र तिथे उघडली नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उरलेलं सामान वर नेलं.

माझं काम काय असतं हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही विचारलं नाहीत, आणि तुमच्यासमोर खड्यांचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. उल्हासनगरला सोनारांच्या दुकानांवर एका मजल्यावर आमची लॅब आहे. दोन खोल्या, तीन मायक्रोस्कोप. लोक खडा घेऊन येतात, आम्ही तो तपासतो आणि कार्ड देतो. बहुतेकांना एकच विचारायचं असतं, ओरिजिनल आहे की नाही. ज्योतिषाने बुधासाठी सांगितलेला पन्ना असेल तर तो घालणाऱ्यापेक्षा घरातलं दुसरंच कोणीतरी जास्त काळजीत असतं. मध्ये वांगणीकडच्या एक बाई आल्या होत्या, मुलाच्या अंगठीतला खडा घेऊन. मी सांगितलं, खडा खरा आहे, पण आत चिरा आहेत आणि त्यात तेल भरलंय. बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे फसवलं ना आमाला?" म्हटलं, "नाही हो ताई, जवळपास सगळ्याच पन्न्यांना तेल लावतात. चिरा दिसू नयेत म्हणून. फक्त गरम पाण्यात घालू नका, तेल निघून जातं." त्यांनी खडा परत हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय पण म्हना मॅडम, डोल्याला गार वाटतं." कार्डावर हे लिहायला रकाना नसतो. पण लोक पन्ना घेतात ते यासाठीच, असं मला वाटतं. बुध वगैरे नंतर.

पुस्तकात त्याला पाचू म्हणतात, बाजारात पन्ना, आणि मुळात ते बेरिल नावाचं खनिज. शुद्ध बेरिलला रंगच नसतो, काचेच्या तुकड्यासारखं दिसतं. जमिनीच्या पोटात ते तयार होत असताना त्यात थोडं क्रोमियम शिरलं की तो हिरवा रंग येतो. पण हे सगळं होतं ते खडकांच्या ढकलाढकलीत, आणि त्यातच स्फटिकाला चिरा पडतात, दुसऱ्या खनिजांचे कण आत अडकतात. म्हणून बिनडागी पन्ना शोधून सापडत नाही. आणि कठीण म्हणावा तर इतका कठीण की काचेवर सहज ओरखडा काढतो, पण चुकीच्या जागी दाब पडला की फुटतो. ओरखडा न उठणं वेगळं आणि न फुटणं वेगळं, हे आमच्या कोर्सला पहिल्या आठवड्यात शिकवलं. सगळी मुलं लिहून घेत होती. मी पेन हातात धरून बसले होते, कारण हे मला आठव्या वर्षीच माहीत झालं होतं. तुम्ही सांगितलं होतं.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. आईने तुमचा डबा माझ्याकडे दिला होता. तुम्ही खडे बसवायचात तो उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला शेठचा कारखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. दुकानाच्या मागे लांबट खोली, खाली गादी, चार कारागीर मांडी घालून बसलेले, प्रत्येकासमोर बुटकं टेबल आणि मांडीवर चामड्याचा तुकडा, सोन्याचा कण खाली पडू नये म्हणून. तुम्ही एका डोळ्याला भिंग लावून बसला आहात. लाखेच्या काडीवर अंगठी पक्की केलेली आहे. तुम्ही मला जवळ बसवता, भिंग माझ्या डोळ्याला लावता आणि चिमट्यात एक हिरवा खडा धरता. विचारता, "काय दिसतं?" मी म्हणते, "पाण्यात गवत." तुम्ही इतके खूश झालात की बाजूच्या बंगाली कारागिराला सांगितलंत, "सुना क्या, पानी में घास बोलती है. जाल नहीं बोली, दाग नहीं बोली." पन्न्याच्या आतल्या रेषांना धंद्यात जाल म्हणतात. मग मला म्हणालात, "हा रंग कसला माहितीये? आपल्या वांगणीच्या शेतात आवण टाकलं की आठ दिवसांनी भाताची रोपं येतात ना, त्याचा." शेती काकांकडे गेली होती आणि तुम्ही पोरगे असतानाच शेठकडे कामाला लागला होतात, पण रंगाचं काही सांगायचं झालं की तुम्ही शेतातलंच सांगायचात. आणि मग म्हणालात, "याच्यावर ओरखडा उठत नाही, पण हा फुटतो. म्हणून याला बसवताना हाताने ऐकावं लागतं. सोनं दाबत न्यायचं आणि खडा कुरकुरतोय का ते बघत राहायचं." मला तेव्हा वाटलं, खडा खरंच कुरकुरतो.

नववीत होते तेव्हाची ती दुपार. मी घरी होते, कारण पोटात दुखत होतं. तेव्हा आपण अंबरनाथला चाळीत राहायचो. आई ओट्याशी उभी राहून बोंबील साफ करत होती. तुम्ही तीन वाजता घरी आलात. त्याआधी तुम्ही कधी दिवेलागणीच्या आत आला नव्हतात. चप्पल न काढता आत आलात आणि ओट्याच्या कडेला ती पुडी ठेवलीत. आईने विचारलं, "काय हे?" तुम्ही म्हणालात, "तुटला." एका व्यापाऱ्याच्या बायकोच्या अंगठीतला पन्ना होता, शेठने जयपूरहून मागवलेला. खडा बोटाला टेकावा म्हणून खालून उघडी ठेवलेली अंगठी. तीन बाजू बसल्या होत्या, चौथ्या बाजूला सोनं दाबताना दोन तुकडे झाले. शेठ ओरडला नाही. नुसता म्हणाला, "कल से तू पॉलिश पे बैठ. और ये तू ही रख ले. मेरे सामने रहेगा तो मेरा दिमाग खराब होगा." हे तुम्ही आईला एका दमात सांगितलंत आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वाकलात.

आणि मग आई बोलली. हातातला बोंबील तसाच धरून. "मी कधीपासून सांगतेय तुमचे हात थरथरतात. परवा चहा सांडला. आता काय, लोकांच्या वस्तू मोडून घरी आणायच्या? जमत नसेल तर सोडा ना हे काम. निदान आपली अब्रू तरी राहील." तुम्ही पाणी प्यायलात. बाबा, परवाचा चहा मी धक्का दिल्यामुळे सांडला होता. मी दप्तर घेऊन पळत गेले आणि माझं कोपर तुम्हाला लागलं. तुम्हालाही ते माहीत होतं. मी दारात उभी होते, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा. मी पोट धरून आत जाऊन झोपले.

तुम्ही महिनाभर पॉलिशवर बसलात आणि मग शेठकडे जाणं बंद केलंत. अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअरला लागलात. ज्या हातांनी तीळभर हिरे बसवले होते त्या हातांनी तुम्ही नट-बोल्ट आणि वॉशर काढून द्यायला लागलात. आणि तेव्हापासून तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात. आधी तुम्ही तो एका हाताने, पेपर वाचता वाचता प्यायचात. मी तुमचे हात बघत राहायचे. ते थरथरत नव्हते. नंतर नंतर, बऱ्याच वर्षांनी, खरंच थरथरायला लागले.

मी बीएस्सी केलं, तुमच्याच एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काही वर्षं काढली, आणि मग खड्यांच्या कोर्सला नाव घातलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डब्याशेजारी तुमचा जुना चिमटा ठेवलेला होता, रॉकेलने पुसून साफ केलेला. तुम्ही म्हणालात, "पन्ना धरशील तेव्हा हलका धर." तेवढंच. मला इतका धीर आला की त्या रविवारी मी पेटी उघडली आणि विचारलं, "बाबा, ती पुडी बघू का? आता मला कळेल, का तुटला ते." तुम्ही ताडकन उठलात. "त्याला हात लावायचा नाही. कळलं? तुटला तो माझ्या हातून तुटला. त्यात बघायचं काय?" तुम्ही आयुष्यात माझ्यावर तेवढे एकदाच ओरडलात. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. चार वर्षं माझ्या टेबलावर मायक्रोस्कोप होता, आणि पुडी पलंगाखालच्या पेटीत होती. मी गुपचूप नेऊ शकले असते. अर्ध्या तासाचं काम होतं.

पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी मी ती पुडी लॅबमध्ये नेली. जेवणाची सुट्टी होती, बाकीचे खाली गेले होते. दोन तुकडे, एक मोठा, एक लहान. रंग अजून तसाच, तुमच्या त्या रोपांचा. मी मोठा तुकडा तुटलेली बाजू वर करून ठेवला आणि उजेड आडवा सोडला. आत्ताच फुटलेला पन्ना आतून काचेसारखा चकचकीत असतो, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या लाटा दिसतात. तशी जागा होती, पण एका कोपऱ्यात, नखाच्या टोकाएवढी. उरलेल्या सगळ्या भागावर पिवळट तपकिरी थर वाळून बसला होता, फांद्या फुटल्यासारखा. आमच्या सोसायटीच्या फरशीवर त्या दिवशी गाळ वाळला होता ना, अगदी तसा. ते तेल होतं, बाबा. चिरेत भरलेलं, वर्षानुवर्षं आत वाळलेलं. लहान तुकड्यावर त्याचंच दुसरं अर्धं चित्र होतं. मी दोन्ही तुकडे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरले. जिथे थर होता तिथेच पिवळी चमक आली, कोपऱ्यात आली नाही.

म्हणजे तो खडा तुमच्या हातात आला तेव्हाच जवळजवळ दुभंगलेला होता. कोणीतरी चीर तेलाने भरून झाकली होती, आणि तेलामुळे ती तुमच्या भिंगातून दिसणं शक्य नव्हतं. एका कोपऱ्यावर तो धरून राहिला होता. शेठलाही ते माहीत असेल असं वाटत नाही. तुमच्या जागी कोणीही असता तरी तो तुटलाच असता. हे मी शपथेवर लिहून देईन असं काम आहे. मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या पोळ्या डब्यात तशाच होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी फक्त इकडेतिकडे बघत होते, कोणाला सांगू म्हणून. जगात हे ज्याने ऐकायला हवं होतं असं एकच माणूस, तुम्ही, आणि तुम्ही नव्हतात.

म्हणून मी आईला सांगितलं. घरी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. मला वाटलं तिला आनंद होईल. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "आई, बाबांची चूक नव्हती. खड्यात आधीपासून चीर होती. मी स्वतः बघितलं." तिने काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, पुढची काडी घेतली. मग तिचे हात थांबले. "नक्की?"

"नक्की."

"मग मी त्यांना जे बोलले ते?"

मी म्हटलं, "तुला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं तर गप्प बसता आलं असतं ना गं."

त्या दिवसापासून ती जेवेनाशी झाली. ताटात भाकरी घ्यायची, कोपरा मोडायची आणि बोटांनी चुरत बसायची. मला काहीबाही विचारायची. चीर किती जुनी होती? त्यांना संशय आला असेल का? तू तेव्हाच का नाही बघितलंस? याचं उत्तर मी दिलं, तुम्ही ओरडला होतात म्हणून. त्यावर ती म्हणाली, "ते ओरडले कारण मी त्यांना पटवून दिलं होतं." एका सकाळी तिने साडी बदलली, केस नीट बांधले आणि म्हणाली, "मला शेठकडे घेऊन चल." मी सांगितलं, शेठ कधीच वारले, मुलगा दुकान विकून गेला. तरी तिने ऐकलं नाही.

मी रजा टाकली आणि आम्ही रिक्षाने कॅम्प पाचला गेलो. तुमच्या कारखान्याच्या जागी आता जीन्सचं दुकान आहे. बाहेर फक्त कमरेपासून खालचे पुतळे टांगलेत. गल्ल्यावर एक मध्यमवयीन सिंधी गृहस्थ होते, भला माणूस. "आओ माताजी, क्या दिखाऊं? बच्चे के लिए?" आई म्हणाली, "कुछ नहीं चाहिए. यहाँ मेरे मिस्टर काम करते थे. पहले. सोने का काम." "अच्छा अच्छा," ते म्हणाले, "हमने तो खाली दुकान ली थी." आई दुकानाच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे गठ्ठे रचले होते. ती म्हणाली, "उनका हाथ बहुत अच्छा था." त्या गृहस्थांनी मान डोलावली. "होगा जी, होगा. बैठो, पानी पियो." आई पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने, जणू त्यांना कमी ऐकू येतं, "उनका हाथ हिलता नहीं था. मैंने झूठ बोला था." ते माझ्याकडे बघायला लागले. मी आईच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं. तिला कोणाला तरी सांगायचं होतं आणि सांगायला ही एकच जागा तिला माहीत होती.

त्यानंतर ती आणखी खचली. गॅस पेटवताना लायटर दोन हातांनी धरायला लागली. मी ते बघितलं आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. त्यांनी टॉनिक दिलं. मी तिला समजावलं, रागावले, भाकरीचे तुकडे करून भरवले. एकदा तिने माझा हात बाजूला करून विचारलं, "ते जाताना माझ्यावर रागावून गेले असतील का?" तुम्ही शेवटचे तीन दिवस बेशुद्ध होतात. मला काय माहीत?

शेवटी मी काय केलं ते तुम्हाला सांगायला हवं. एका संध्याकाळी लॅबमधून आले, पिशवी ठेवली आणि म्हटलं, "आई, माझ्याकडून चूक झाली. तो खडा मी आमच्या सरांना दाखवला, त्यांनी मोठ्या मशीनवर बघितला. चीर जुनी नव्हती. ते तेल वगैरे पेटीतलंच काहीतरी लागलेलं. खडा चांगला होता." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग तुटला कसा?" मी म्हटलं, "दाब जास्त पडला असेल. बाबांच्याच हातून गेला." हे बोलताना मी भाजीची पिशवी रिकामी करत होते, म्हणजे तिच्याकडे बघायला लागू नये.

तिने भाजी आपल्यापुढे ओढली. मग म्हणाली, "होतं गं. माणूस आहे. रोज तेच काम, एखाद्या दिवशी होतं." आणि थोड्या वेळाने, "बिचारे. मी जरा जास्तच बोलले, पण चूक तर झालीच होती ना त्यांची." तिच्या आवाजात किती माया होती म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी तिने तुम्हाला माफ केलं, बाबा, आणि तेही न केलेल्या चुकीसाठी. मग उठली, पीठ मळायला घेतलं, आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर ताक मागितलं.

लॅबमध्ये मी आजवर एकही खोटं कार्ड दिलेलं नाही. मालक ओळखीचा असो, सोनार ओळखीचा असो, जे दिसलं तेच लिहिलंय. तुमच्या खड्याचं मात्र मी खोटं सांगितलं, आणि ते आता परत घेता येत नाही. खरं सांगितलं तर आई जाते, नाही सांगितलं तर तुम्ही तसेच दोषी राहता. दुसरा कुठला मार्ग असला तर मला तो सापडला नाही. दोन्ही तुकडे मी लॅबच्या कपाटात ठेवलेत, पुडीवर काही लिहिलेलं नाही. हे पत्रही तिथेच, रविवारी बंद लॅबमध्ये बसून लिहिते आहे, कारण आई घरात दिसेल तो कागद वाचते. लिहून झालं की एकदा वाचून मी ते फाडणार आहे.

तुम्ही असतात तर "बरं केलंस" म्हणाला असतात, असं लिहून संपवणार होते. पण ते मला माहीत नाही, आणि तुमच्या तोंडी ते घालायचा मला हक्क नाही. मला फक्त माझं माहीत आहे. मायक्रोस्कोपखाली तो वाळलेला थर दिसला आणि तुम्ही निर्दोष होतात हे कळलं, त्या दुपारी मला बरं वाटलं होतं. पण आईने दुसरी भाकरी घेतली तेव्हा त्याहून जास्त बरं वाटलं.